पर्समधला पेढा

बाईंनी पर्समधून टिश्यू पेपरची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आत पेढा होता, चार दिवसांपूर्वीचा, कडा वाळून पांढुरक्या झालेला. "मॅडम, हा घशाखाली उतरत नाही. आणि टाकवतही नाही."

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बाई पन्नाशीच्या, राहायला मुलुंडला, नोकरी परळला. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नवऱ्याची बायपास होती. तिचा हात हातात घेऊन बाई म्हणाल्या होत्या, "मंगळवारी सिद्धिविनायकाला जाऊन खास तुझ्यासाठी सांगते." मंगळवारी धो धो पाऊस, गाड्या रखडलेल्या. प्रभादेवीची रांग नुसती आठवूनच पाय गळाले आणि त्यांनी सरळ घर गाठलं. घरी देवापुढे दिवा लावतानाही ती गोष्ट आठवली नाही. नवरा सुखरूप घरी आल्यावर मैत्रीण पेढे घेऊन आली: "तुझ्या प्रार्थनेमुळेच गं!"

"मी ढोंगी आहे का हो?"

हा प्रश्न माझ्यासमोर बरेचदा येतो. आधी मी दोन गोष्टी विचारून घेतल्या. आपण प्रार्थना चुकवली म्हणून कुणाचं वाईट होईल, अशी भीती पाठ सोडत नाही का? तेच शब्द मनासारखे होईपर्यंत पुन्हापुन्हा म्हणावे लागतात का? तसं असतं तर ओसीडीची, म्हणजे मंत्रचळेपणाच्या आजाराची, शंका घेऊन मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. पण तसं काही नव्हतं. साधी लाज होती, आणि ती रास्तच होती. म्हणून "अहो, चालायचंच" म्हणून मी ती झटकून टाकली नाही.

त्यांना व्हॉट्सअ‍ॅप उघडायला सांगितलं. एका आठवड्यात नऊ ठिकाणी "प्रार्थना करते" किंवा नुसते जोडलेले हात. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, नणंदेच्या सासूबाईंचा गुडघा. त्यातल्या चौघांचं नेमकं काय दुखतंय ते बाईंना आठवेना. (माझा मोबाइल मी तेवढ्यात पालथा घातला. जोडलेले हात मीही कमी पाठवत नाही.) समोरच्याचं दुःख ऐकून काय बोलावं सुचत नाही, तेव्हा हे वाक्य फार उपयोगी पडतं. बोलणं संपवायला. आणि एकदा म्हटलं की मन ते केल्यातच जमा करतं.

पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. नुसतं "करीन" म्हटलेलं सहज हवेत विरतं. "अमुक झालं की तमुक करीन" अशी गाठ मारली तर ते तडीस जाण्याची शक्यता वाढते. बाईंचं "अमुक" आम्ही लोकलमध्येच शोधलं. स्लो गाडीने विक्रोळी सोडलं की डोळे मिटायचे. घाटकोपर येईपर्यंत तीन नावं. तीनच. चौथं कुणी आलं तर प्रार्थनेचा शब्द द्यायचा नाही, "उद्या फोन करते" म्हणायचं आणि करायचा. शब्द देताना समोरच्यालाच विचारायचं, "नेमकं काय मागू?" सगळ्यांसाठी एकच "बरं वाटू दे" नको.

राहिली मैत्रीण. तिला खरं सांगावं का? माझं मत "नको" असं होतं. आपलं ओझं उतरवायला तिच्या आनंदात खडा कशाला टाकायचा? बाईंनी माझं ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी डबा खाताना सांगून टाकलं.

"मग? काय म्हणाली?" पुढच्या भेटीत मी विचारलं.

"जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, अगं, मग आता कर. यांची शुगर काही केल्या खाली येत नाहीये, आणि रात्रभर झोप नाही." बाई पर्सची चेन लावत उठल्या. "आज विक्रोळीनंतर पहिलं त्यांचंच नाव घेतलं. शुगर आणि झोप, दोन्ही सांगितलं."

पेढ्याचं काय झालं, ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.