प्रादेशिक व्यापार करारांनी कोकणातल्या बागायतदाराला काय फरक पडतो?

तुमचा प्रश्न असा आहे: देशादेशांत एवढे मुक्त व्यापार करार का वाढले, आणि कोकणातल्या साध्या बागायतदाराला त्यातून फायदा होतो की तोटा?

श्रीवर्धनजवळ आमची नारळ-पोफळीची, म्हणजे नारळ आणि सुपारीच्या झाडांची, वाडी आहे. सुपारीचा भाव मध्येच का कोसळतो ते शोधता शोधता मला हे करार वाचायची सवय लागली, म्हणून उत्तरही सुपारीच्याच अंगाने देतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आयात शुल्क किती टक्के कमी झालं याची चर्चा सगळे करतात, पण माल कुठल्या देशाचा म्हणून आला आणि ते कोणी तपासलं, यावर आमचं नफानुकसान जास्त ठरतं.

जागतिक व्यापार संघटनेचा मूळ नियम असा की एका सदस्य देशाला सवलत दिली की ती सगळ्यांना द्यायची. पण 1947 च्या गॅट, म्हणजे या संघटनेच्या आधीच्या जागतिक व्यापार कराराच्या 24 व्या कलमाने एक वाट मोकळी ठेवली. काही देशांनी आपापसातला जवळजवळ सगळा व्यापार खुला केला, तर ती सवलत त्यांना आपल्यापुरती ठेवता येते. विकसनशील देशांना तर आणखी ढिलाई आहे. 1990 च्या सुमारास जगात असे पन्नासेक करार होते, आज साडेतीनशेहून जास्त अमलात आहेत. सगळ्या देशांच्या एकत्र वाटाघाटी 2001 साली दोह्यात सुरू झाल्या आणि अडकून पडल्या, हे एक कारण. दुसरं कारण कुठल्याही बाजारपेठेत दिसतं: शेजारच्या दुकानदाराने उधारी सुरू केली की आपल्यालाही करावी लागते. व्हिएतनामचा माल कुठे बिनशुल्क जायला लागला की आपला निर्यातदार लगेच दिल्लीच्या मागे लागतो. भारताचा श्रीलंकेशी करार 2000 पासून लागू आहे, आसियान या आग्नेय आशियाई गटातल्या देशांशी मालाचा करार 2010 पासून. 2019 मध्ये आपण आरसेप या आशिया-प्रशांत देशांच्या मोठ्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडलो, पण 2022 मध्ये अमिराती आणि ऑस्ट्रेलियाशी करार लागू झाले आणि जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी सही झाली.

याने देशाचा फायदाच होतो का? जेकब व्हायनर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1950 मध्ये दाखवून दिलं की तसं गृहीत धरता येत नाही. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एका देशाची सुपारी 200 रुपये किलो, दुसऱ्याची 240, आणि शुल्क 100 टक्के. दोघांची किंमत आपल्याकडे 400 आणि 480 होते, म्हणून आयातदार पहिल्याकडून घेतो आणि 200 रुपये तिजोरीत जातात. आता दुसऱ्या देशाशी करार करून त्याचं शुल्क शून्य केलं. त्याचा माल 240 ला पडतो आणि सगळी खरेदी तिकडे वळते. गिऱ्हाइकाचे 160 रुपये वाचले, तिजोरीचे 200 गेले. मधले 40 कुठे गेले? महाग पिकवणाऱ्याकडून माल घेण्यात गेले. व्यापार वाढलेला दिसतो, पण त्यातला काही भाग नुसता एका दारातून दुसऱ्या दारात गेलेला असतो. तो 400 चा भाव धरून वाडी राखणारा आमच्यासारखा माणूस या हिशोबात अजून आलेलाच नाही.

आता खरी सुपारी. ज्या देशाला सवलत, त्याच्या नावाने तिसऱ्याच देशाचा माल येऊ नये म्हणून प्रत्येक करारात मूळ देशाचा नियम असतो. श्रीलंकेच्या करारात तयार मालासाठी साधारण 35 टक्के मूल्य तिथेच जोडलेलं असावं लागतं. शेतमाल तर तिथेच पिकलेला हवा, आणि तसा दाखला मालाबरोबर यावा लागतो. श्रीलंकेच्या दाखल्यावर आलेली सुपारी मुळात इंडोनेशियाची आहे, असे आरोप आपल्या तपास यंत्रणांनी केले आणि ती प्रकरणं न्यायाधिकरणापर्यंत गेली. आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या न्हावाशेवा बंदरात दुसऱ्याच मालाच्या नावाखाली आणलेली सुपारी पकडली गेली आहे. सरकारने हातपाय हलवले नाहीत असं नाही. सप्टेंबर 2020 पासून मूळ देशाचा पुरावा ठेवण्याची जबाबदारी आयातदारावर टाकली. 2023 मध्ये सुपारीची किमान आयात किंमत, म्हणजे जिच्याखालच्या किमतीचा माल आणताच येत नाही ती, किलोला 251 वरून 351 रुपये केली. मग पळवाट निघाली भाजलेल्या सुपारीची, कारण सुपारी भाजली की जकातीच्या यादीत तिचं शीर्षकच बदलतं. 2025 मध्ये तिलाही 351 ची अट लावावी लागली.

एक प्रसंग सांगतो. सोललेला रोठा, म्हणजे आमची श्रीवर्धनी सुपारी, घेऊन मी एका व्यापाऱ्याकडे गेलो होतो. त्याने भाव पाडून सांगितला. मी हुज्जत घातल्यावर त्याने मागच्या गोणीतून मूठभर सुपारी काढून माझ्यापुढे ठेवली. दिसायला टपोरी, एकसारखी. तिथलाच अडकित्ता घेऊन मी एक कातरली. कातरताना हात दुखला, आणि आत पांढरा गर कमी, तपकिरी रेषाच जास्त. आमचा रोठा मऊ कातरला जातो आणि आत पांढराशुभ्र असतो. "भाऊ, हीसुद्धा श्रीवर्धनी म्हणूनच जाते," तो म्हणाला, अगदी सहज. बंदरावर एका देशाचं नाव, दुकानात आमच्या गावाचं. त्या दिवशी मला शुल्काच्या टक्क्यांपेक्षा त्या नावाचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

म्हणून करार नकोतच असं मी म्हणणार नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या कोळंबीला परदेशी बाजार लागतो, आणि तिथलं शुल्क उतरलं तर ते चांगलंच आहे. हापूसचं मात्र वेगळं. 2014 मध्ये युरोपीय संघाने आपला आंबा थांबवला तो फळमाशीमुळे, शुल्कामुळे नव्हे, आणि पुढच्या वर्षी बंदी उठली ती तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावर. आंबावाल्याला करारापेक्षा जवळ चांगलं प्रक्रिया केंद्र असणं जास्त उपयोगी.

आमची अडचण वेळेचीही आहे. करारातलं शुल्क ठरलेल्या टप्प्यांनी उतरतं, किमान किंमत एका अधिसूचनेने बदलते. पोफळ मात्र लावल्यापासून सहा-सात वर्षं थांबायला लावते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ इथेच किनाऱ्यावर आलं आणि आमच्या निम्म्याहून जास्त पोफळी मधोमध मोडल्या. पुढच्या पावसाळ्यात नवी रोपं लावली, तेव्हा भाजलेल्या सुपारीची वाट कोणाच्या कानावरही नव्हती. कापड गिरणीवाला दुसरं सूत घेऊ शकतो, आम्ही वाडी उपटून दुसरी लावू शकत नाही.

पुढच्या वेळी एखाद्या नव्या कराराची बातमी आली, तर "इतके टक्के वस्तूंवर शून्य शुल्क" या ओळीवर थांबू नका. मूळ देशाचा भाग आणि वगळलेल्या वस्तूंची यादी काढा, आणि आपल्या गावचं पीक त्यात कुठे आहे ते बघा. मी सगळ्यात आधी सुपारी शोधतो, कच्ची आणि भाजलेली, दोन्ही.