मराठी माध्यमातून शिकलेल्याला आयईएलटीएसमध्ये ७ बँड मिळतील का? पुण्यात क्लास लावावा का?

तुम्ही लिहिलंय की दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पुण्यातच इंजिनिअरिंग, आता यूकेत मास्टर्ससाठी आयईएलटीएसमध्ये, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेत, ९ पैकी ७ बँड (गुण) हवेत. मिळतील का, क्लास कुठला लावावा, की सरळ पीटीई ही तशीच दुसरी परीक्षा द्यावी, असे तुमचे तीन प्रश्न. पण शेवटी तुम्ही एक वाक्य टाकलंय, "आईवडिलांनी मराठी शाळेत घातलं ती चूक आता भोवतेय." ते वाचलं आणि नाइट ड्यूटीवरून आल्या आल्या, झोप बाजूला ठेवून लिहायला बसले.

मिळतात. मला मिळाले आहेत.

मी नर्स आहे, आयसीयूत काम करते. आमच्याकडे हा माध्यमाचा विषय फार जुना आहे. माझे बाबा खिळे जुळारी, म्हणजे छपाईसाठी शिशाची अक्षरं (खिळे) एकेक जुळवून ओळी लावणारे. अप्पा बळवंत चौकाच्या मागे एका छापखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. माझी शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून. तेव्हा तसंच होतं, पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी धाकटा. तो शाळेत जायच्या वयाचा झाला तोवर जुळणी संगणकावर गेली होती, छापखाना बंद पडला होता आणि बाबा एका पुस्तकाच्या दुकानात हिशेब लिहीत होते. त्यांनी पतपेढीचं कर्ज काढून त्याला इंग्रजी शाळेत घातलं. आणि तेव्हापासून माझं कुठेही काही अडलं की बाबांचं एकच वाक्य, "तुझ्यावर माझ्याकडून अन्याय झाला गं." बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीत कमी पडले, तेव्हा हेच. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत नाही झालं, तेव्हाही हेच. मी त्यांच्याशी ह्यावरून कितीदा भांडले असेन त्याची गणती नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये मी आयईएलटीएस दिली. फी माझ्या तेव्हाच्या निम्म्या पगाराहून जास्त होती. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला तेव्हा चारही भागांत (लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग) किमान ७ लागायचे. सरासरी ७ येऊन उपयोग नव्हता. (तुमच्या विद्यापीठाचंही हे नीट बघा. 'एकूण ७' एवढंच आहे, की 'कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नको' असं पुढे जोडलंय? बहुतेक जण पहिला आकडा वाचतात आणि तिथेच फसतात.)

स्पीकिंगचं सांगते, कारण मराठी शाळेची मुलं सगळ्यात जास्त त्यालाच घाबरतात. समोर माणूस बसतो, रेकॉर्डर चालू असतो, सगळं मिळून ११ ते १४ मिनिटं. मधल्या भागात एक कार्ड देतात, विचार करायला एक मिनिट, टिपणाला कागद-पेन्सिल, मग दोन मिनिटांपर्यंत आपण बोलायचं. माझ्या कार्डावर होतं, घरात बरीच वर्षं जपून ठेवलेल्या एखाद्या वस्तूबद्दल सांगा. एका मैत्रिणीने मला क्लासची तयार उत्तरं पाठ करायला दिली होती, त्यात ह्या विषयाला आजोबांचं घड्याळ होतं. आमच्या घरी आजोबांचं घड्याळ नाही. आमच्या कपाटात बाबांची स्टिक आहे, जुळणीची. छापखाना बंद झाला त्या दिवशी मालकांना विचारून त्यांनी ती घरी आणली.

तर मी स्टिकबद्दल बोलायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला अडले. खिळ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. 'नेल' म्हटलं असतं तर भिंतीत ठोकायचा खिळा झाला असता. म्हणून म्हटलं, शिशाचं एक बारीक अक्षर असतं, एका अक्षराचा एक तुकडा. ही स्टिक डाव्या हातात धरायची, उजव्या हाताने समोरच्या खणांतून एकेक तुकडा उचलून तिच्यात उभा करायचा आणि ओळ सांडू नये म्हणून डाव्या अंगठ्याने दाबून धरायची. अक्षर आरशात दिसल्यासारखं उलटं असतं, ओळ डोकं खाली पाय वर अशी वाचावी लागते, आणि माझे वडील ती तशी आपण वर्तमानपत्र वाचतो तितक्या भराभर वाचायचे. त्यांच्या डाव्या अंगठ्याला अजून घट्टा आहे. हे सांगताना मी माझा अंगठा वर करून दाखवला. परीक्षक बाईंनी पहिल्यांदाच कागदावरून मान वर केली. दोन मिनिटं संपली तेव्हा त्यांनीच मला थांबवलं.

साडेसात. स्टिकवर मी जे बोलले त्यातलं एक वाक्यसुद्धा पाठ केलेलं नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की स्पीकिंगचे मार्क चार गोष्टींचे असतात आणि चौघींना वजन सारखं. न अडखळता सलग बोलणं, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. नेमका शब्द येत नसेल तर दुसऱ्या शब्दांत समजावता येणं शब्दसंपत्तीतच मोजतात. उच्चारात बघतात ते समोरच्याला कळतंय का एवढंच. परदेशी ढंग काढायला शिकवणारे जे आहेत ते तुमचे पैसे घेतात, बाकी काही देत नाहीत. आपण मराठी लोक 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हीला एकच 'व' वापरतो, तेवढं सुधारा, पुष्कळ झालं.

लिसनिंग ७.५, रीडिंग ७ आणि रायटिंग ६.५. सरासरी ७.१२५, ती ७ धरतात. पण मला रायटिंगलाही ७ हवे होते. अर्ध्या बँडने गेलं. घरी बाबांनी निकालाचा कागद चष्मा लावून वाचला आणि तेच म्हणाले. मी म्हटलं, बाबा, ज्याच्यावर साडेसात मिळालेत ती गोष्ट तुमची आहे, तर ते ऐकायलाच तयार नाहीत. त्यांना तो ६.५ तेवढा दिसत होता.

मग मी लावला क्लास. डेक्कनवरचा, नाव लिहीत नाही. दर रविवारी सकाळी, तीन महिने. तिथल्या सरांनी निबंधाचा एक सांगाडा दिला, पहिलं वाक्य ठरलेलं, प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला. मधल्या गाळलेल्या जागा आपण भरायच्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुन्हा परीक्षा दिली. निबंधाचा विषय असा आला की सरकारने पैसा उपचारावर खर्चावा की आजार होऊच नयेत म्हणून. अहो, मी रोज तेच बघत होते. मधुमेहाकडे दहा वर्षं दुर्लक्ष करून शेवटी पायाची बोटं कापावी लागलेली माणसं माझ्या वॉर्डात होती. एकाची जखम मी आदल्याच दिवशी धुतली होती. आणि मी काय लिहिलं? 'इन टुडेज मॉडर्न एरा' ने सुरुवात केली आणि 'देअर आर टू साइड्स ऑफ एव्हरी कॉइन' वर आले. त्या माणसाचं एक अक्षर निबंधात नाही. रायटिंग ६. क्लास लावून अर्धा बँड खाली, आणि स्पीकिंगही ७, कारण तिथेही मी सरांनी शिकवलेल्या आवाजात बोलत होते.

ह्याचं मला अजून वाईट वाटतं. नववीत आम्हाला मराठीच्या बाई निबंध परत द्यायच्या तेव्हा समासात लिहायच्या, "हे तुझं आहे का?" मार्गदर्शकातून उतरवलेलं त्या लगेच ओळखायच्या. परीक्षकही ओळखतात, दिवसाला कित्येक पेपर तपासतात ते. आपलं मत काय, ते का, कशावरून, हे ओळीने मांडायला मला मराठी शाळेनेच शिकवलं होतं आणि क्लासला पैसे भरून मी तेच घालवून बसले.

पुढचं थोडक्यात. डिसेंबर २०१८ पासून कौन्सिलने रायटिंगची अट ७ वरून ६.५ वर आणली. निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे ऑगस्ट २०१७ चा, बिनक्लासचा, कपाटात पडलेला कागद चालला. २०१९ मध्ये मी गेले, कोविडची दोन्ही वर्षं तिथल्या आयसीयूत काढली, २०२२ मध्ये बाबांच्या बायपाससाठी परत आले ती इथेच आहे. तिथे पहिल्याच आठवड्यात एक ऐंशीच्या आजी मला म्हणाल्या, 'आय नीड टू स्पेंड अ पेनी.' मला वाटलं ह्यांना पैसे हवेत. मी सरळ विचारलं, म्हणजे काय करायचंय तुम्हाला? त्यांना बाथरूमला जायचं होतं. हे कुठल्याही परीक्षेत येत नाही. कळलं नाही तर न लाजता विचारायचं, हे पाचवीपासून इंग्रजी शिकणाऱ्याला करावंच लागतं, आणि आयसीयूत न विचारणारी नर्स धोक्याची असते.

आता भावाचं, त्याला विचारूनच लिहितेय. पहिलीपासून इंग्रजी शाळा, हिंजवडीत नोकरी, कॅनडात स्थायिक व्हायच्या एक्सप्रेस एंट्री योजनेसाठी जनरल ट्रेनिंग ह्या प्रकारची आयईएलटीएस दिली. भाषेचे चांगले गुण पडायला लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींत ७ हवे होते. स्पीकिंग ८ आले, आणि रायटिंग? ६.५. माझ्याइतकेच. फोनवर तो म्हणाला, "ताई, बाबांना तू सांग." मी सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून माझ्यासमोर तरी 'अन्याय' हा शब्द त्यांनी काढलेला नाही.

तर तुमचं. इंजिनिअरिंगची चार वर्षं तुम्ही इंग्रजीतच पुस्तकं वाचली, पेपर लिहिलेत, तेव्हा स्वतःला मराठी माध्यमाचा बिचारा समजणं आधी बंद करा. घड्याळ लावून रोज एक निबंध लिहा, ४० मिनिटं, २५० शब्दांच्या खाली नको, कमी भरले तर मार्क जातात. रायटिंगमध्ये दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे निबंधाचं, वजन पहिल्याच्या दुप्पट असतं, म्हणून आलेखाच्या प्रश्नावर २० मिनिटांच्या वर बसू नका. लिहिलेलं कुणालातरी वाचायला द्या, इंग्रजीचा शिक्षकच हवा असं नाही, 'हे मला कळलं नाही' असं तोंडावर सांगणारा माणूस हवा. रीडिंगमध्ये 'फॉल्स' (उताऱ्यात ह्याच्या उलट म्हटलंय) आणि 'नॉट गिव्हन' (उताऱ्यात ह्याबद्दल काहीच नाही) ह्यात घोळ होतो. माझा झाला तो उतारा रक्तदाबावर होता म्हणून, मला आधीच माहीत होतं ते मी उताऱ्यात आहे असं धरलं. शाळेत 'उताऱ्याच्या आधारे उत्तरे लिहा' असं असायचं ना, तसंच करा, बाहेरचं काही आणू नका. लिसनिंग एकदाच ऐकवतात आणि स्पेलिंग चुकलं की उत्तर चुकलं.

पीटीई मी दिलेली नाही. ती संगणकावर असते, गुण १० ते ९० मध्ये, बोलायचं मायक्रोफोनसमोर. माणसासमोर तोंड उघडत नसेल तर द्या, पण विद्यापीठ ती घेतं का आधी बघा. मी माणूसच निवडेन. मायक्रोफोनला अंगठा दाखवता येत नाही.

हेही सांगायला हवं, की पहिल्या परीक्षेआधी मी सात वर्षं रोज इंग्रजीत केस पेपर लिहीत होते, त्याचा फायदा मला झालाच. तुम्ही घरी सराव परीक्षा देऊन ५ च्या आसपास असाल तर दोन महिन्यांत ७ होणार नाहीत, सहा महिने धरा, आणि एकट्याने अभ्यासच होत नसेल तर क्लास लावा, पण वेळ लावून पेपर सोडवून घेणारा आणि वही लाल करून देणारा. पाठ करायला देणारा असेल तर पहिल्याच दिवशी उठून या. आता संगणकावरच्या आयईएलटीएसमध्ये एकच भाग पुन्हा देता येतो, ६० दिवसांच्या आत. माझ्या वेळी हे असतं तर क्लासची पायरी चढलेच नसते. तो निकाल तुमचं विद्यापीठ मानतं का ते मेल करून विचारा. अटी बदलतात, माझ्याच बाबतीत बदलल्या. पासपोर्टची मुदतही बघून घ्या, परीक्षेला ओळखपत्र म्हणून तोच लागतो.

आणि प्रश्न संपादित करता येतो इथे. ते शेवटचं वाक्य काढा. तुमचे वडीलही हे कधीतरी वाचतील.