फ्लिप ६, चार्ज ५ की मुठीएवढा स्पीकर? आधी तुमचा सा कुठला ते सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहाटे रियाजाला मोबाइलवरचा तानपुरा लावायचा, दुपारी आईला अभंग ऐकायचे आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी गच्चीवर मित्र जमतात. जेबीएलचा फ्लिप ६ हा ब्लूटूथ स्पीकर घ्यावा, त्याचा थोरला भाऊ चार्ज ५ घ्यावा, की सोनीचा एक्सबी१०० पुरे? आवाज कुणाचा सरस आणि बॅटरी कुणाची टिकते?

मी या धंद्यातला नाही. बेताचा गळा, काळी एकचा (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा आणि घरात भजनी मंडळ चालवणारी आई, एवढंच भांडवल. पण सात-आठ वर्षांत चार स्पीकर घरात आले, त्यातले दोन माझ्याच चुकीने गेले, त्यामुळे चार शब्द लिहायला हरकत नसावी.

बॅटरीपासून सुरू करतो, कारण खोक्यावरचे आकडे तिथेच जास्त फसवतात. फ्लिप ६ वर लिहिलंय ३० वॉट आणि १२ तास. आपण दोन्ही वाचतो आणि नकळत जोडतो: ३० वॉटने १२ तास वाजेल. आता त्याच्या बॅटरीत किती वीज मावते ते बघा: १७.२८ वॉट-तास. भागिले १२, म्हणजे सरासरी जेमतेम दीड वॉट. खरोखर ३० वॉट सतत ओढले तर गडी पस्तीस मिनिटांत आडवा होईल. गाण्यात तसं होत नाही, कारण ३० वॉट लागतात ते डग्ग्यावर थाप पडते त्या क्षणापुरते, बाकी वेळ काम थोडक्यात भागतं. तरी १२ तास हे बेताच्या आवाजातले आहेत एवढं नक्की. चार्ज ५ चं गणितही तसंच: २७ वॉट-तास, दावा २० तासांचा, म्हणजे सरासरी १.३५ वॉट. थोरल्याची बॅटरी मोठी आहे, पण तो काही काटकसरी नाही. खिसा मोठा, खर्च सारखाच.

आता अँकरचा साउंडकोर २ शेजारी ठेवा. त्यात ५२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास), म्हणजे साधारण १९ वॉट-तास, फ्लिपच्या जवळपास तेवढेच. दावा मात्र २४ तासांचा. बॅटरी तेवढीच आणि तास दुप्पट, हे कसं? स्पीकर-स्पीकरमध्ये फरक असतो हे खरं, पण मुख्य कारण साधं आहे: कंपनीने मोजताना आवाजाची खुंटी कुठे ठेवली. ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं. म्हणून दोन कंपन्यांचे तास एकमेकांशी ताडू नका, वॉट-तास ताडा. नुसते एमएएच दिले असतील तर त्याला व्होल्टने गुणा आणि हजाराने भागा. व्होल्ट लिहिलेलेच नसतील तर ३.७ धरा, बहुतेक वेळा तेच निघतात.

आमच्या गच्चीवर हे मी पैसे मोजून शिकलो. तेव्हाचा स्पीकर (नाव नको, मॉडेल आता मिळतही नाही) घरात ओट्यावर सकाळी लावला की रात्री जेवणं होईपर्यंत चालायचा. कोजागिरीला वर नेला, आवाज शेवटपर्यंत चढवला आणि दूध आटायच्या आत, साडेतीन तासांत, त्याने मान टाकली. त्याचं काही चुकलं नव्हतं. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर वीज साधारण दहापट लागते. शिवाय गच्चीवर भिंती नाहीत, आवाज परत फिरवायला कुणी नाही, आणि उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गेलेच.

आणखी एक गोष्ट. सगळ्यात जास्त वीज खातो तो खालचा आवाज, बेस. नव्या फ्लिप ७ आणि चार्ज ६ मध्ये ‘प्लेटाइम बूस्ट’ नावाची सोय आहे. ती लावली की फ्लिपला दोन आणि चार्जला चार तास जास्त मिळतात. त्या बदल्यात जातो तो बेस! बॅटरी आणि आवाज ही दोन वेगळी खाती नाहीत, एकाच पाकिटातून दोघांचा खर्च चालतो.

आता आवाज, आणि इथे तुमचा सा मधे येतो.

माझा काळी एक, म्हणजे मध्य सप्तकातला सा सुमारे १३९ हर्ट्झ (सेकंदाला १३९ कंपनं) आणि तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. फ्लिप ६ ची कंपनीने दिलेली खालची हद्द ६३ हर्ट्झ. तार आत बसते, जेमतेम का होईना. जेबीएलचाच गो ३ घेतला तर त्याची हद्द ११० हर्ट्झ. माझी खर्जाची तार त्याच्या दाराबाहेरच उभी. हद्द म्हणजे तिथे आवाज कापला जातो असं नाही, तो खाली ओसरत जातो.

तरी गो ३ वर तानपुरा लावा, बेसूर वाटणार नाही. गंमत अशी की जवारीमुळे (तार घोडीला हलकेच घासते त्यामुळे) तारेतून वरचे स्वयंभू स्वर इतके भरघोस निघतात की मूळ स्वर स्पीकरने दिला नाही तरी कान त्या वरच्या स्वरांवरून तो स्वतःच भरून काढतो. सुराचा आधार मिळतो, फक्त तानपुऱ्याचं पोट जातं. भोपळा काढून घेतल्यासारखं वाटतं. पहाटे गळा मोकळा करायला ते चालतं. मी वर्षभर चालवलंय.

डग्ग्याला मात्र हे भाग्य नाही. घुमारा, म्हणजे डग्ग्याचा घुमणारा नाद घेताना मनगट पुढे सरकतं आणि आवाज खालून वर चढतो, ती हालचाल लहान स्पीकरवर निम्मी गिळली जाते. उरतो नुसता ‘टप्प’. आईच्या अभंगांत पखवाज असेल तर हा फरक पहिल्या मिनिटात कळतो. आमच्या आईला ना हर्ट्झ कळतात ना वॉट, पण लहान स्पीकर लावला की ती म्हणते, ‘‘अरे, मृदंग शेजारच्या घरात वाजतोय का?’’

फ्लिप ६ मध्ये खालच्या-मधल्या आवाजाला ४५ बाय ८० मिलिमीटरचा लांबट पडदा (आवाज काढणारा ड्रायव्हर) आणि वरच्यासाठी वेगळा १६ मिलिमीटरचा ट्वीटर. या ट्वीटरमुळे अभंगातले शब्द आणि टाळ मोकळे राहतात, पखवाज जोरात आला तरी त्याखाली दबत नाहीत. एक्सबी१०० मध्ये एकच लहान पडदा सगळं ओढतो. त्याच्या आकाराच्या मानाने तो पुष्कळ करतो आणि १६ तासांचा दावा, २७४ ग्रॅम वजन, वर अडकवायला पट्टा. स्वयंपाकघरातल्या खुंटीला लटकवायला उत्तम. पण मुठीएवढ्या डब्यात हवाच किती मावणार?

चार्ज ५ चा पडदा आणखी मोठा, ५२ बाय ९०, खोकंही मोठं, त्यामुळे आवाज चढवला तरी खालची बाजू जास्त वेळ टिकून राहते. लहान स्पीकर पूर्ण आवाजात पातळ वाजतात ते याचसाठी: पडदा फाटू नये म्हणून आतलं सर्किटच बेस मागे ओढतं. दुकानात तपासायचं असेल तर हेच तपासा. निम्म्या आवाजावर सगळेच गोड वाटतात. पाऊण आवाजावर न्या आणि दहा पावलं लांब उभे राहा. गाणं मात्र तुमच्या मोबाइलमधलं, तुम्ही शंभरदा ऐकलेलं. त्यांचं ढणढणतं डेमोचं गाणं नको.

चार्जला एक जमेची बाजू म्हणजे त्यातून मोबाइल चार्ज होतो, पण तेवढे वाजवायचे तास कमी होतात. आणि वजन ९६० ग्रॅम, फ्लिपचं ५५०. रोज हॉलमधून गच्चीत आणि गच्चीतून खोलीत न्यायचा असेल तर हा फरक जाणवतो. स्टीरिओच्या मागे लागू नका. फ्लिप आणि चार्ज दोन्ही मोनोच आहेत, म्हणजे डावं-उजवं एकत्रच वाजवतात, आणि एवढ्याशा डब्यात डावं-उजवं वेगळं ऐकू येत नाही. या तिघांतल्या एकालाही वायरचा ऑक्स (दुसरं यंत्र वायरने जोडायची खाच) नाही. घरात जुना तानपुऱ्याचा डबा असेल आणि तो जोडायचा असेल तर साउंडकोर २ कडे बघा, त्याला आहे.

माझ्या चुकीने गेलेले दोन कसे गेले तेही ऐका. एक पावसात भिजला. तो आयपी६७, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालणारा, आणि वाजतही होता. मी लगेच चार्जिंगला लावला, पोर्टमध्ये पाणी होतं, पिन काळी पडली. दुसरा पूर्ण उतरलेला तसाच कपाटात ठेवला, पावसाळाभर. दिवाळीला काढला तर चार्जच घेईना. ठेवायचाच असेल तर निम्मा भरून ठेवा.

आता तुमचं. बायकी गळा असेल, सा काळी पाच असेल, तर खर्जाची तारही ११६ हर्ट्झच्या पुढेच राहते आणि रियाजाला छोटा स्पीकर खुशाल चालेल. उरलेले पैसे वाचवा, गच्चीच्या दिवशी मित्राचा मागून आणा. काळी एक, काळी दोन असेल किंवा आईच्या अभंगात पखवाज हवाच असेल तर फ्लिप ६. चार्ज ५ मी तेव्हाच घेईन जेव्हा गच्ची महिन्यातून नव्हे, दर आठवड्याला होते. तशी होत असेल तर शेजाऱ्यांनाही बोलवत जा, दहाला आवाज बंद करायची पाळी थोडी सभ्यपणे येते. सा कुठला ते लिहा, मग नेमकं सांगतो.