तो पाइप कोणाचा?

शिकागोजवळच्या एका लोको शॉपमध्ये सुपरवायझर म्हणून लागून तुम्हाला दोन महिने झालेत. ब्लोअरची मोटर बदलायची होती. आड येणारा पाइप सोडवायला इलेक्ट्रिशियनने नकार दिला. पाइपचं काम करणाऱ्याची पाऊण तास वाट पाहून शेवटी तुम्हीच पाना हातात घेतलात आणि आठवडाभरात पाइपवाल्यांच्या युनियनचा क्लेम आला: काम आमचं होतं, त्याचे पैसे द्या. आता तुम्ही विचारताय, हा निव्वळ आडमुठेपणा नाही का?

मी इथल्याच एका शॉपमध्ये 26 वर्षं इलेक्ट्रिशियन होतो आणि त्यातली 9 वर्षं युनियनचा स्थानिक प्रतिनिधी. माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण तुमचा इलेक्ट्रिशियन बरोबरच होता असंही मी म्हणत नाही. त्याच्याकडे शेवटी येतो.

आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपण वेगळ्या रेल्वेचं पाहत आलोय. माझे वडील परळ वर्कशॉपमध्ये फिटर होते. मध्य रेल्वेवर युनियन एकापेक्षा जास्त आहेत, पण एकाच युनियनमध्ये फिटर, गार्ड, कारकून सगळे असतात. काम कोणी करायचं यावरून तिथे दोन युनियन भांडत नाहीत, त्या सभासद कोणाचे यावरून भांडतात. अमेरिकेत युनियन कामानुसार विभागलेल्या आहेत. 2022 च्या पगारवाटाघाटीत 12 युनियन होत्या. यंत्राचं काम करणाऱ्यांची वेगळी, विजेची वेगळी, पत्रा आणि पाइपवाल्यांची वेगळी. प्रत्येकीच्या करारात 'स्कोप रूल' असतो: अमुक काम आमच्या सभासदांचं. हा कामाचा सातबाराच समजा. रेल्वेने गेल्या शंभर वर्षांत एकाच तुकड्याचे दोन-दोन सातबारे काढून ठेवलेत, आणि दोन्हींवर सही तिचीच आहे. सगळ्या भांडणांचं मूळ इथे आहे.

तारबाबू आणि कारकून यांचं भांडण पाहिलं की हे नीट कळतं. तारायंत्राच्या काळात डिस्पॅचरचा, म्हणजे गाड्यांची वाहतूक ठरवणाऱ्याचा, हुकूम तारबाबू उतरवून घ्यायचा आणि '19 नंबरची' ऑर्डर असेल तर चिठ्ठी काठीच्या रिंगणात अडकवून धावत्या गाडीवरच्या माणसाला द्यायचा. एक अक्षर चुकलं तर समोरासमोर टक्कर. त्या कामावर त्यांचा हक्क होता आणि अभिमानही. मग टेलिफोन आला, टेलिप्रिंटर आला, पंचकार्डाची यंत्रं आली. निरोप पाठवणं तारबाबूचं काम, कागद तयार करणं कारकुनाचं. मग एकच यंत्र कागद तयार करून पाठवतही असेल, तर ते कोणाचं?

1934 च्या कायद्याने असे वाद सोडवायला नॅशनल रेलरोड ॲडजस्टमेंट बोर्ड केलं. ते बसतं शिकागोतच. सुरुवातीला 36 सदस्य, निम्मे रेल्वे कंपन्यांचे, निम्मे युनियनचे, आणि समसमान मतं पडली की बाहेरचा रेफरी. कल्पना चांगली होती, फक्त एक खोट राहिली. तारबाबूंनी तक्रार केली की बोर्ड तारबाबूंचाच करार उघडून बघायचं. कारकुनांच्या करारात काय लिहिलंय ते त्या फाइलमध्ये यायचंच नाही. निकाल तारबाबूंच्या बाजूने लागला की रेल्वेने त्यांना पैसे द्यायचे, आणि काम काढून घेतलं तर कारकून स्वतंत्र क्लेम घेऊन त्याच दारात उभे.

न्यूयॉर्कमधल्या एल्मायराच्या यार्डातल्या नोकऱ्यांवरून लॅकवाना रेल्वेने हा पेच राज्याच्या कोर्टात दोन्ही युनियनना एकत्र बोलावून सोडवायचा प्रयत्न केला. 1950 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा अधिकार फक्त बोर्डाचा. म्हणजे जिथे दोघे एकत्र येऊ शकले असते तो दरवाजा बंद, आणि उघड्या दरवाजातून एका वेळी एकच आत. तोडगा निघायला 1966 उजाडलं. युनियन पॅसिफिकने नवीन यंत्रं कारकुनांच्या हाती दिली होती. तारबाबूंनी क्लेम केला. कारकुनांच्या युनियनला नोटीस गेली, पण ती कामकाजात आलीच नाही. बोर्डाने तारबाबूंना पैसे द्यायला सांगितले, जरी त्याच कामाचा पगार कारकुनांना मिळाला होता. सुप्रीम कोर्टाने हे अमान्य केलं. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्या निकालाचा मथितार्थ असा: बोर्डाने दोन्ही करार आणि कामाची रूढ पद्धत एकत्र पाहून पूर्ण वाद एकदाच मिटवावा.

माझ्या मते हा निकाल योग्य होता, पण फार उशिरा आला. तीनच वर्षांत, 1969 मध्ये, तारबाबूंची युनियन कारकुनांच्या युनियनमध्ये विलीन झाली. ज्या कामासाठी भांडले ते कामच फारसं उरलं नव्हतं. म्हणून पुढच्या वेळी कोणी 'हे माझं काम' म्हणून अडून बसला की चिडण्याआधी एवढं लक्षात ठेवा, की काम हातातून गेलं तर ते परत येत नाही हे त्याच्या आजोबांनी पाहिलेलं असतं.

कौशल्याचाही भाग आहे. नवा असताना मी घाईत एक तांब्याचा पाइप स्वतःच सोडवून परत बसवला. दिसायला अगदी ठीक. इंजिन लोडवर घेतलं आणि नटाखालून तेल पाझरायला लागलं, कारण मी नट गरजेपेक्षा जास्त आवळून पाइपचं फुलवलेलं तोंड चिरडलं होतं. पाइपवाल्या सहकाऱ्याने ते कापून नवीन तोंड फुलवलं आणि नट आधी हाताने कुठवर फिरवायचा, पाना कुठे लावायचा, ते माझा हात धरून दाखवलं. क्लेम त्याने केला नाही. करू शकला असता.

आता तुमचा पाइप. शॉपच्या चार युनियनशी रेल्वे कंपन्यांचा 1969 च्या डिसेंबरमध्ये जो समझोता झाला, त्यात आनुषंगिक कामाचा नियम होता: रनिंग रिपेअरच्या, म्हणजे रोजच्या दुरुस्तीच्या, जागी मुख्य कामाला लागून आलेलं, तार-पाइप सोडवणं-जोडणं यांसारखं काम दुसऱ्या क्राफ्टच्या, म्हणजे दुसऱ्या कामगार-गटाच्या, माणसाने केलं तर चालेल. पत्रा-पाइपवाल्यांनी मतदानात तो समझोता फेटाळला, कारण बारीकसारीक कामं जाणार ती त्यांचीच. देशभर रेल्वे बंद पडायची वेळ आली आणि एप्रिल 1970 मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा करून तो लागू केला.

तेव्हा तुमच्या करारात हा नियम आज कोणत्या शब्दांत आहे ते आधी वाचा. तो पाइप त्यात बसत असेल तर इलेक्ट्रिशियनला तसं सांगणं तुमच्या अधिकारात होतं. पण पाना तुम्ही उचलायला नको होता. सुपरवायझर कोणत्याच क्राफ्टमध्ये नसतो, त्यामुळे हा नियम तुमच्या मदतीला येणार नाही.

क्लेमला लेखी उत्तर द्या. बहुतेक शॉप करारांत त्याला 60 दिवसांची मुदत असते आणि ती चुकली तर क्लेम मागितला तसा मान्य करावा लागतो. इंजिन नंबर, तारीख, किती मिनिटं लागली, पाइपवाल्याला किती वाजता बोलावलं, सगळं खरं लिहा. आणि उत्तर पाठवण्याआधी पत्रा-पाइपवाल्यांच्या युनियनच्या लोकल चेअरमनला, म्हणजे स्थानिक प्रमुखाला, जाऊन भेटा. सोबत तो पाइप कुठे आहे त्याचा फोटो न्या, मोटर काढताना तो दर वेळी आड येणार आहे.