दीडशे अश्वशक्तीला मॅन्युअल, अडीचशेच्या घरात ऑटोमॅटिक

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत घरची फाउंड्री, राजारामपुरीतून रोजचं जाणं-येणं, आणि रविवारी गगनबावडा नाहीतर आंबोली. डोळा फोक्सवॅगन व्हर्टस १.५ टीएसआयवर (दीड लिटरचं टर्बो पेट्रोल) आहे, पण मॅन्युअल घ्यावी की डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, ते ठरत नाही. त्यात जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस काही मनातून जात नाही. आणि मित्रमंडळी सांगतात की ज्या गाडीला क्लच नाही ती परफॉर्मन्स कारच नव्हे.

आधी निकाल सांगतो. व्हर्टस घेणार असशील तर मॅन्युअल घे. आरएस चांगल्या अवस्थेत मिळाली तर ती डीएसजीच आहे, आणि त्याचं मनाला अजिबात लावून घेऊ नको. दोन्ही सल्ल्यांमागं हिशोब एकच आहे. गाडीत ताकद जितकी कमी, तितका मॅन्युअल गिअरबॉक्सला अर्थ जास्त. ताकद वाढत गेली की हातांची खरी गरज स्टिअरिंगवर असते.

मित्रांचं म्हणणं आधी बाजूला करू. वेगाचा वाद केव्हाच मिटलाय. १९८९ साली फेरारीनं फॉर्म्युला वनमध्ये ६४० ही गाडी उतरवली, स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर बदलणारी. नायजेल मॅन्सेलनं ब्राझीलची पहिलीच शर्यत तिच्यावर जिंकली आणि पुढं काही वर्षांत सगळ्या संघांनी तोच रस्ता धरला. १९९७ ला ते पॅडल एफ३५५ मधून रस्त्यावरच्या फेरारीत आले. २००३ मध्ये फोक्सवॅगननं गोल्फ आर३२ ला दोन क्लचचा डीएसजी दिला, आणि सर्वसाधारण माणसाला परवडेल अशा गाड्यांपर्यंत तो यायला फार वेळ लागला नाही. आणि लांब कशाला जायचं? आपल्याच कोल्हापूरच्या ध्रुव मोहितेनं २०१८ ला अमिओ कप या फोक्सवॅगनच्या रेस मालिकेचं विजेतेपद मिळवलं. त्या रेसकारला पॅडलवर चालणारा सिक्वेन्शियल गिअरबॉक्स होता. त्याला ड्रायव्हर येत नाही असं कोण म्हणेल?

आकडे बघ. पोर्शे ९११ जीटी३ (९९२) पीडीकेसोबत, म्हणजे पोर्शेच्या दोन क्लचच्या गिअरबॉक्ससोबत, शून्य ते शंभर ३.४ सेकंदात जाते, मॅन्युअलला ३.९ लागतात. २०२३ ची बीएमडब्ल्यू एम२ (जी८७) ऑटोमॅटिक ४.१, मॅन्युअल ४.३. हे कंपन्यांचेच आकडे आहेत, म्हणजे रोबोटइतका अचूक ड्रायव्हर धरून. तू-मी बसलो तर फरक आणखी वाढेल.

हे का होतं ते समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डीएसजीत दोन क्लच असतात. एकाकडं पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. दुसऱ्याकडं दुसरा, चौथा, सहावा. तू तिसऱ्यात पळवत असताना चौथा आतल्या आत लावून तयार असतो. बदलायची वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. चाकांकडं जाणारी ताकद जवळजवळ तुटतच नाही. टर्बो गाडीत याला दुप्पट महत्त्व आहे. मॅन्युअलमध्ये क्लच दाबताना अ‍ॅक्सिलरेटर सोडावा लागतो, बूस्ट (टर्बोचा दाब) पडतो आणि पुढच्या गिअरमध्ये तो पुन्हा भरायला वेळ जातो. डीएसजीत बूस्ट तसाच टिकून राहतो. प्रत्येक शिफ्टला हा फायदा जमा होत जातो.

मग मॅन्युअल कशाला? २०१३ साली पोर्शेनं जीटी३ फक्त पीडीकेमध्ये दिली, तेव्हा जुने चाहते चिडले. २०१६ मध्ये ९११ आर मॅन्युअल आली आणि २०१७ च्या जीटी३ पासून मॅन्युअलचा पर्याय परत मिळाला. हळू आहे हे ठाऊक असूनही कंपनीनं दिला. आता कुणी म्हणेल, पाचशे अश्वशक्तीच्या गाडीला मॅन्युअल चालतो, मग तुझा हिशोब कुठं राहिला? जीटी३ चं इंजिन टर्बोविना आहे आणि नऊ हजार आरपीएमपर्यंत फिरतं. तिची खरी ताकद वरच्या टोकाला असते, म्हणून कुठला गिअर निवडला याला तिथं फार किंमत आहे. मोठ्या टर्बो इंजिनात तसं नसतं. तिथं कुठल्याही गिअरमध्ये दाबलं तरी गाडी ढकलतेच. मग क्लच दाबणं ही नुसती कसरत उरते, निवड उरत नाही.

आता व्हर्टस. १५० पीएस, २५० न्यूटन मीटर, आणि तो टॉर्क (ओढण्याचा जोर) १६०० ते ३५०० आरपीएमच्या दरम्यान पूर्ण मिळतो. गाडी चपळ आहे, पण इतकी ताकद नाही की चुकीचा गिअर लपून जाईल. १५०० च्या खाली तिसऱ्यात पकडलंस तर ती ओढत नाही, गुरगुरते. म्हणजे गिअर निवडणं तुझ्याकडं असलं तर गाडीला फरक पडतो आणि तुलाही काम असतं. एवढी ताकद आपल्या रस्त्यांवर माणूस पूर्ण वापरू शकतो, आणि वापरून डोकं शिल्लक राहतं. ते शिल्लक डोकं गिअरला लावायचं. साडेचारशे अश्वशक्तीच्या गाडीत ते शिल्लकच राहत नाही. करवीर-राधानगरीकडच्या रस्त्यावर समोर अचानक उसाची ट्रॉली येते तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि लक्ष ब्रेकवर हवं.

गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना हे सगळ्यात चांगलं कळतं. तिसऱ्यात उतरत आलास, समोर डावीकडं पूर्ण वळणारं वळण. ब्रेक लावायला सुरुवात होते ती पायाच्या पुढच्या चवड्यानं. वेग उतरला की क्लच दाबायचा, दांडा दुसऱ्याकडं न्यायचा, आणि त्याच वेळी ब्रेक न सोडता टाचेच्या बाजूनं अ‍ॅक्सिलरेटरला हलका टोला द्यायचा. इंजिनचा आवाज वर जातो, क्लच सोडला की धक्का बसत नाही, पुढचं नाक डोलत नाही आणि गाडी वळणाच्या आत शांत शिरते. हा टोला बरोबर बसला की त्याचं समाधान मांडीपर्यंत जाणवतं. चुकला तर पुढची चाकं क्षणभर ओढली जातात आणि ओल्या रस्त्यावर तो क्षण धोक्याचा असतो. गगनबावड्याचा पाऊस तुला माहीत आहे, जूननंतर तो रस्ता कोरडा क्वचितच असतो. म्हणून ही टाच आधी मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर शिकायची, घाटात नाही. आणि एक सांगून ठेवतो: बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच दाबला तरी इंजिनचे फेरे लगेच खाली येत नाहीत, प्रदूषण-नियमांमुळं ते थोडे लटकतात. त्यामुळं वरचा गिअर टाकताना घाई केली की धक्का बसतो. हात खराब झाला असं समजू नको, अर्धा क्षण थांबलं की जमतं.

डीएसजीत तोच घाट वेगळा लागतो. ‘डी’ मध्ये ठेवून उतरलास तर गिअरबॉक्स इंधन वाचवायला वरच्या गिअरला पळतो, इंजिनाचा रोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला की समजावं, ब्रेक तापले. ‘एस’ (स्पोर्ट) वर ठेवायचा किंवा पॅडलनं स्वतः दुसरा-तिसरा धरायचा. तो टाचेचा टोला गाडी स्वतः देते, आणि तुझ्या-माझ्यापेक्षा नेमका देते. हे मान्य करायलाच हवं.

पण त्याची एक खोड आहे, ती शोरूममध्ये कुणी सांगत नाही. पुढचा गिअर तयार ठेवणं म्हणजे अंदाज बांधणं. तू जोरात पळवत असलास तर तो वरचा तयार ठेवतो. अशात अचानक ओव्हरटेकसाठी सहाव्यातून चौथा हवा असेल तर पंचाईत होते, कारण सहावा आणि चौथा एकाच क्लचच्या ताब्यात. थेट उडी मारता येत नाही, मधला टप्पा घ्यावा लागतो. पाय पूर्ण दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करते असं वाटतं ते यामुळं. आंबोलीच्या चढावर एसटीला मागं टाकताना तो क्षण नको असतो. उपाय सोपा आहे. ओव्हरटेकच्या आधीच पॅडलनं दोन गिअर खाली आणून ठेवायचे आणि मग रस्ता मोकळा झाल्यावर दाबायचं. मॅन्युअलवाला पाचव्यातून तिसरा सरळ टाकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

रोजच्या प्रवासाकडं येऊ, कारण बहुतेक जण इथंच डीएसजीकडं वळतात. कावळा नाका, तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल, पुढं हायवेच्या सहापदरीकरणाची वळवावळवी. शिफ्ट सुटायच्या वेळेला तिथं डाव्या पायाची परीक्षा होते, खोटं कशाला बोलू. पण पुण्या-मुंबईसारखं दोन-दोन तास नाही. आणि व्हर्टसमधला सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे, त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटरची. इंजिनाचा टॉर्कही तेवढाच. इंच-इंच सरकणाऱ्या गर्दीत तो क्लच सतत अर्धवट धरलेला राहतो आणि तापतो. तेल नाही, त्यामुळं उष्णता निघायला वाट कमी. हंगामात कागलकडं किंवा पन्हाळ्याच्या चढावर दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर पुढं आला की ही अडचण सगळ्यात जास्त. तिथं नियम एक: अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची नाही. ब्रेक लावून थांबायचं, पुढं गाडीभर जागा झाली की एकदम सरकायचं. मॅन्युअलवाल्यालाही हाच नियम लागू आहे, हाफ क्लचवर चढ धरणारे क्लचप्लेट फार लवकर बदलतात. फरक इतकाच की मॅन्युअलची क्लचप्लेट उद्यमनगरातला अनुभवी फिटर बदलून देतो. डीएसजीच्या मेकॅट्रॉनिक्सला (क्लच आणि गिअर हलवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाला) हात लावायला खास मशीन आणि खास माणूस लागतो. वॉरंटी वाढवून मिळत असेल तर डीएसजीसोबत ती घेतल्याशिवाय गाडी घेऊ नये, एवढं ठाम मत आहे.

बाकी ऑटोमॅटिकांची नावं एकत्र घेऊ नको. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सवर बसवलेला यांत्रिक हात. शहरासाठी ठीक, वेगाच्या गाडीला नाही. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला पट्ट्यावरचा ऑटोमॅटिक, त्यालाही इथं जागा नाही. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक, सुस्त असतो ही जुनी बदनामी मात्र आता खरी नाही. झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ८एचपी आला तेव्हापासून चित्र पालटलं. बीएमडब्ल्यूनं एफ९० एम५ मध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स काढून आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर बसवला. सहाशे अश्वशक्तीच्या गाडीत त्यांनी हा निर्णय विचार करूनच घेतला असणार. तेलातून ताकद जात असल्यामुळं गर्दीत क्लच घासून तापत नाही आणि गाडी चालू लागली की आतला लॉक-अप क्लच थेट जोड देतो.

तुझी आरएस. तिसऱ्या पिढीच्या भारतात दोन आल्या: २०१७ ची आरएस २३० सहा गिअरच्या डीएसजीसोबत, आणि २०२० ची आरएस २४५ सात गिअरच्या डीएसजीसोबत, तीही मोजक्या २०० गाड्या. दोन्हींतले क्लच तेलात बुडालेले आहेत, म्हणून साडेतीनशेच्या आसपासचा टॉर्क सहन करतात आणि गर्दीतही कमी कुरकुर करतात. आरएस २३० चं डीएसजी तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. सर्व्हिस हिस्टरीत ती नोंद नसेल तर मालक कितीही गोड बोलो, पुढच्या गाडीकडं वळ. ईसीयू (इंजिनचा संगणक) रीमॅप केलेला, म्हणजे जास्त ताकदीसाठी बदललेला आहे का ते स्कॅनरवर तपासून घे. थंड इंजिनावर रिव्हर्स आणि पहिला टाकून बघ, धक्का किंवा खट् असा आवाज आला तर किंमत पाडण्यापेक्षा गाडी सोडणं बरं. गरम झाल्यावर सौम्य चढावर पाय सोडून सरकू दे, थरथरली तर क्लचपॅक संपत आलेत.

व्हर्टसची टेस्ट ड्राइव्ह घेताना शोरूमभोवतीचा फेरा मान्य करू नको. दोन्ही गाड्या शक्यतो एकाच दिवशी मागून घे आणि जोतिबाच्या चढावर ने. मॅन्युअलमध्ये सीट नीट लावून बघ की ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरमधलं अंतर तुझ्या पायाला जमतं का. नाही जमलं तर टाचेची सगळी गंमत कागदावरच राहील. डीएसजीत ‘डी’, ‘एस’ आणि पॅडल, तिन्ही चढावर आणि उतारावर वापर. पॅडलवर असताना लाल रेषेला तो स्वतःहून वरचा गिअर टाकतो, ते चालतं का बघ. आणि वळणं शिकायची असतील तर आधी मोहित्यांच्या ट्रॅकवर गो-कार्ट चालव. तिथं गिअरच नसतो, एका पायाला ब्रेक आणि दुसऱ्याला अ‍ॅक्सिलरेटर. ब्रेक कधी सोडायचा, स्टिअरिंग किती कमी फिरवायचं हे तिथं कळलं की मॅन्युअल आणि डीएसजी दोन्ही हातात बसतात. टेस्ट ड्राइव्हनंतर कुठल्या गाडीत काय जाणवलं ते लिही, मग आरएसच्या एखाद्या गाडीचे कागद सोबत बघू.