वाचकांचे प्रश्न : कर कुणाच्या खिशातून, कुणाच्या ताटात

प्रश्न : मी विड्या वळते. प्राप्तिकराचा प्रश्नच येत नाही. पण रेशनच्या रांगेत 'आमच्या करावर जगता' असं ऐकून घ्यावं लागतं. मी खरंच काही कर भरत नाही का? (विडी घरकुल, सोलापूर)

उत्तर : भरता, आणि कमाईच्या मानाने जास्तच. 299 रुपयांच्या मोबाइल रिचार्जमध्ये 18 टक्के जीएसटी आतच धरलेला असतो. तो काढायला 299 ला 18 ने गुणून 118 ने भागायचं. 100 ने भागलं की उत्तर फुगतं, हिशेब इथेच चुकतो. निघतात 45 रुपये 61 पैसे. घरात दोन फोन असले तर 91 रुपये. महिना 12,000 वर चालणाऱ्या घराला हा भार कमाईच्या पाऊण टक्का पडतो. 1,20,000 कमावणाऱ्याने हेच दोन रिचार्ज मारले तर त्याला याच्या दहावा हिस्सा. अंगाच्या साबणावरचा आणि टूथपेस्टवरचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 वर आला, तेवढा दिलासा आहे. मंगळवेढ्याची ज्वारी सुटी घेतली तर जीएसटी शून्य. तीच लेबल लावलेल्या पाच-दहा किलोच्या पिशवीत घेतली की 5 टक्के.

प्रश्न : पगारातून दरमहा 200 रुपये व्यवसाय कर कापतात, फेब्रुवारीत 300. साहेबांचाही तेवढाच कापतात. हा कुठला न्याय? (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर : तक्रार रास्त आहे. महिना 20,000 पगार असलेला पुरुष कामगार वर्षाला 2,500 रुपये, म्हणजे पगाराच्या 1.04 टक्के भरतो. दोन लाख पगार असलेले साहेब भरतात 0.104 टक्के. राज्य सरकारला ही वरची मर्यादा मनाला येईल तशी वाढवता येत नाही. ती राज्यघटनेच्या कलम 276 मध्येच आहे: आधी वर्षाला 250 रुपये होती, 1988 च्या घटनादुरुस्तीने 2,500 झाली, आणि आजही तिथेच आहे. खालच्या टोकाला सूट देणं मात्र राज्याच्या हातात आहे. 1 एप्रिल 2023 पासून महिना 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर माफ आहे. पुरुषांची माफी अजून 7,500 वरच अडकली आहे, आणि आमच्या मते पहिलं बोट तिथे ठेवायला हवं. 22,000 पगार असलेल्या बाईंच्या पावतीवर 200 कापलेले दिसले तर आस्थापना विभागाला 2023 ची सुधारणा दाखवा आणि मागची कपातही परत मागा.

पण हा कर आला कुठून तेही बघा. 1972 च्या दुष्काळात आपला जिल्हा होरपळला, लोक खडी फोडायला गेले. त्या काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्या पैशासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला, आणि जेवढा कर जमा होईल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. शहरातल्या पगारातून खेड्यातल्या हाताला काम, तेही हक्काने. लोकशाही समाजवादाच्या गप्पा मारताना आपण स्टॉकहोमला जातो, सांगोल्याला नाही.

प्रश्न : स्वीडनसारखं श्रीमंतांकडून वसूल करा, बाकीच्यांना सोडा. एवढं सोपं का जमत नाही? (सात रस्ता)

उत्तर : स्वीडन बाकीच्यांना सोडतच नाही. तिथे मूल्यवर्धित कराचा मुख्य दर 25 टक्के आहे. स्थानिक प्राप्तिकर सरासरी 32 टक्क्यांच्या आसपास असून तो साध्या पगारदारालाही लागतो. ठरावीक कमाईच्या वर आणखी 20 टक्के केंद्राचे. मालक पगाराखेरीज 31.42 टक्के सामाजिक वर्गणी भरतो, 30,000 क्रोनरच्या पगारावर 9,426. वारसा कर मात्र त्यांनी 2004 च्या अखेरीस काढून टाकला आणि संपत्ती कर 2007 मध्ये. (आपल्याकडे हेच 1985 आणि 2015 मध्ये झालं. नॉर्वेत संपत्ती कर अजून आहे.)

मग समता येते कुठून? खर्चाच्या बाजूने. समजा एकाची कमाई 10,000 आणि दुसऱ्याची 1,00,000. दोघांनाही सरसकट 30 टक्के कर लावला की 33,000 जमा होतात. शाळा, दवाखाना, पाळणाघर यांतून ते सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला 16,500. पहिल्याने दिले 3,000, मिळाले 16,500. शाळेतलं जेवण तिथे कारखानदाराच्या पोरालाही फुकट मिळतं, म्हणून कारखानदारही कर द्यायला कुरकुर कमी करतो.

आपली अडचण वसुलीच्या नळाची आहे. मजुरी नगावर, रोखीत आणि मध्ये ठेकेदार असला की कपात करणार कोण? भविष्य निर्वाह निधी 20 कामगारांपासून सक्तीचा होतो, त्यामुळे यंत्रमागाच्या शेडमध्ये कागदावर 19 च माणसं दाखवायचा मोह होतो. दर वाढवून हा मोह कमी होत नाही, उलट वाढतो.

प्रश्न : विडी उपकर बंद झाला. आमच्या दवाखान्याचं, मुलांच्या शिष्यवृत्तीचं काय? (अशोक चौक)

उत्तर : 1976 च्या कायद्याने दर हजार विड्यांमागे घेतला जाणारा हा उपकर जीएसटीबरोबर, जुलै 2017 मध्ये गेला. योजना आता केंद्राच्या अर्थसंकल्पातून चालतात. राखीव निधी विड्या कमी झाल्या की आटत होता, तो धोका टळला. पण आता दर फेब्रुवारीत तरतूद किती हे बघत बसणं आलं. कुंभारीच्या रेनगर या कामगार वसाहतीची 15,000 घरं जानेवारी 2024 मध्ये लोकांच्या ताब्यात आली, त्यामागे कुठलाही राखीव उपकर नव्हता: केंद्राचं घरकुल अनुदान, राज्याचा हिस्सा, लाभार्थ्यांची वर्गणी आणि वर्षानुवर्षांचे मोर्चे होते.