‘तैनाती वेग’ का अडखळतो?

प्रश्न असा आला आहे: ‘विज्ञानकथेवर बेतलेल्या एका युद्धखेळाचे नियम मराठीत लिहितो आहे. अंतराळातल्या फौजांच्या डिप्लॉयमेंट स्पीडला मी “तैनाती वेग” आणि लॉजिस्टिक्सला “रसद” लिहिलं. मित्र म्हणतात, सरकारी परिपत्रक वाटतं. दुसरे शब्द आहेत का?’

मित्रांचे कान चांगले आहेत, पण दोष परिपत्रकाचा नाही, अर्थाचा आहे. तैनात म्हणजे नेमलेला, जागेवर हजर असलेला. मूळ अरबी शब्दही नेमणुकीचाच. शाळेत आपण ‘तैनाती फौज’ पाठ केली ती आठवा. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची किमान ६,००० पायदळाची फौज कायमची आपल्या मुलखात ठेवून घेतली आणि तिच्या खर्चापायी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. त्या नावातला सगळा जोर फौज तिथे असण्यावर आहे. गणपतीत चौकात पोलीस तैनात असतात, तेव्हाही ते येऊन उभे राहिलेले असतात. उभं राहण्याला वेग कसला?

गोंधळ इंग्रजी शब्दाचाच आहे. तो फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘उलगडणे’. रस्त्याने लांबलचक रांगेत आलेली पलटण मैदानात आडवी पसरायची, ते उलगडणं. आता त्याच शब्दात टेबलावर सोंगट्या लावणंही येतं आणि अख्खी डिव्हिजन समुद्रापार नेणंही. आपण ही कामं वेगळी ठेवावीत. खेळाच्या सुरुवातीला जे करता ती ‘मांडणी’. आपण पट मांडतो, डाव मांडतो. मग फौज का नाही? ‘वॉरहॅमर’सारख्या खेळात एखादी तुकडी डाव रंगात असताना आकाशातून थेट पटावर उतरते. ती मांडणीही नव्हे, कूचही नव्हे. तिला ‘घाला’ म्हणा.

आणि पोहोचण्याचा वेग? तो कूच आणि मजल या शब्दांत आहे. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. अरबी ‘मंझिल’, म्हणजे प्रवासात उतरण्याची जागा, तिथून हा शब्द आला. गंमत अशी, की मजलेत अंतर आणि वेळ एकत्र बांधलेले आहेत. घाटातली मजल कोसांनी तोकडी, माळावरची लांब, पण दिवस एकच. तुमच्या खेळातली जहाजं उड्या मारत ताऱ्यांमध्ये फिरत असतील, तर प्रत्येक उडी एक मजल. प्रकाशवर्षं खगोलशास्त्रज्ञांना लागतात. सेनापतीला विचारायचं असतं ते ‘किती मजला?’ एवढंच. आणि मुक्काम न लांबवता मजलांमागून मजला मारत येणं म्हणजे ‘दरकूच’. हा शब्द बखरींत पडून आहे, उचला.

‘रसद’ मात्र ठेवाच. फारसी ‘रसीदन’ म्हणजे पोहोचणे. हिंदीतली ‘रसीद’ त्याच घरातली. (आपली ‘पावती’सुद्धा ‘पावणे’ म्हणजे पोहोचणे यावरूनच. हा योगायोग मला फार आवडतो.) कोठारात पडलेलं धान्य ही रसद नव्हे, फौजेपर्यंत पोहोचेल ती रसद. पण लॉजिस्टिक्स त्याहून मोठं आहे. जोमिनी या युद्धशास्त्रज्ञाने तो शब्द ‘लॉजी’ म्हणजे मुक्कामाची जागा याच्याशी जोडला होता. फौज हलवणं, उतरवणं, पोसणं, सगळं त्यात आलं. ‘सरंजाम’ हा शब्द अर्थाने अगदी जवळ बसतो, पण लोकांना लगेच सरंजामशाही आठवेल. तेव्हा ‘रसद आणि वाहतूक’ असं साधं लिहा.

एक शब्द मात्र सोडू नका: ‘बुणगे’. लढणाऱ्यांच्या मागे चालणारा नोकर, व्यापारी, बायकामुलं, सामानसुमान असा सगळा पसारा. पानिपतावर हा पसारा भाऊसाहेबांच्या फौजेसोबत होता. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुऱ्याचं धान्य हाती आलं, पण त्याच महिन्याअखेर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आडवा आला. डिसेंबरात फौजेला रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले पडले. चारा-लाकडासाठी बाहेर पडणाऱ्या टोळीला तेव्हा ‘कही’ म्हणत; त्या कहीवरच छापे पडू लागले. १४ जानेवारीला फौज उपाशी पोटी बाहेर पडली.

हे जुनं वाटत असेल तर १९९० बघा. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतल्यावर अमेरिकेचे छत्रीधारी सैनिक आठवड्याभरात सौदी अरेबियात उतरले, पण जमिनीवरची मोहीम सुरू झाली २४ फेब्रुवारी १९९१ ला. मराठीत सांगायचं तर बिनी, म्हणजे आघाडीची तुकडी, पोहोचली, फौज वाटेत होती. पुढे १९९९ मध्ये त्यांचे लष्करप्रमुख शिन्सेकी यांनी उद्दिष्ट ठेवलं: एक ब्रिगेड ९६ तासांत, एक डिव्हिजन १२० तासांत, पाच डिव्हिजन ३० दिवसांत. अडचण वजनाची. साठ टनांवरचा एब्रॅम्स रणगाडा सी-१७ विमानात एकच मावतो. म्हणून वीसेक टनांची आठचाकी स्ट्रायकर गाडी आली. अंतराळातही हिशेब हाच राहील. जड चिलखत उशिरा येईल, हलकं आधी येऊन मार खाईल.

तर तुमचा नियम असा लिहिता येईल: ‘बिनी दुसऱ्या फेरीत पटावर येते. मुख्य फौज जितक्या मजलांवर असेल, तितक्या फेऱ्यांनी ती पटावर येते. बुणगे सोबत असल्यास एक फेरी जास्त. रसदेचा तांडा लुटला गेला, तर पुढच्या फेरीत कूच नाही.’ तांडा म्हणजे फौजांना धान्य पुरवणाऱ्या वंजाऱ्यांचा बैलांचा तांडा. मालवाहू जहाजांच्या काफिल्याला तो बेलाशक द्या. आणि घाला घालणारी तुकडी ज्यात बसून आकाशातून उतरते, तो ‘ड्रॉप पॉड’ ड्रॉप पॉडच राहू दे. त्याला मी ‘पतनकुपी’ म्हणून पाहिलं, भाचा दिवसभर हसत होता.